वाळीत टाकलेली मुलं

श्रोतेहो, नमस्कार.

दहा वर्षांच्या मुलीला शाळेत सगळ्यांसमोर स्टुलावर उभं करतात. कारभारी बजावतो, ही खोटारडी आहे, हिच्याशी बोलू नका, हिला खेळात घेऊ नका. पोरीला वाळीत टाकण्याचा हुकूमच तो. शार्लट ब्राँटेच्या १८४७ सालच्या 'जेन एअर'मधला हा प्रसंग. लेखिकेच्या दोन थोरल्या बहिणी अशाच एका शाळेत आजारी पडल्या आणि १८२५ मध्ये दगावल्या. त्या पानांतला संताप उसना नाही. तरीही जेन स्वतःला खोटारडी मानत नाही.

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचा पिप मात्र लोकांचं म्हणणं खरं मानतो. म्हणूनच 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' मला जास्त अस्वस्थ करते. १८६०-६१ मध्ये ती साप्ताहिकातून क्रमशः आली. पिप लोहाराघरी वाढलेला पोरका पोर. श्रीमंत मिस हॅविशॅमच्या वाड्यात पत्ते खेळताना तिची मानलेली मुलगी एस्टेला त्याच्या राठ हातांना, जाडजूड बुटांना नावं ठेवते. बिअरचा पेला अंगणातल्या फरशीवर ठेवते, पाव-मांस देते, तेही तोंडाकडे न बघता. त्या दिवसापर्यंत पिपला आपल्या हातांची लाज वाटली नव्हती. आता एस्टेलाचं हिणवणं त्याच्या आतच मुक्कामाला येतं.

पुढे एका अज्ञात दात्याच्या पैशावर पिप लंडनला जातो, साहेब होतो. ज्यानं त्याला जीव लावला तो 'जो' नावाचा लोहार भेटायला येतो, तेव्हा पिपला वाटतं, पैसे मोजून याला टाळता आलं असतं तर मोजले असते. हे पिप स्वतःच आपल्याला सांगतो. आणि बिचारा 'जो' पिपला 'सर' म्हणू लागतो! हिणवला गेलेला मुलगा आता दुसऱ्याला दूर लोटतोय. हे इतकं निर्दयपणे दाखवणारी दुसरी कादंबरी मला ठाऊक नाही.

मग कळतं, दाता मॅग्विच आहे, जन्मठेपेवर ऑस्ट्रेलियात पाठवलेला कैदी. पिपला त्याची किळस येते. कायद्यानं पिप एकविसाव्या वर्षी सज्ञान झाला होता, पण माझ्या मते तो मोठा होतो त्यानंतर, भर कोर्टात त्या कैद्याचा हात हातात धरून उभा राहतो तेव्हा.

डिकन्सला ही लाज आतून माहीत होती. वडील कर्जापायी तुरुंगात, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता. हे त्यानं वाचकांना हयातभर कळू दिलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर मित्रानं, जॉन फॉर्स्टरनं, लिहिलेल्या चरित्रातून ते जगासमोर आलं.