नळीवर वेळ लिहा

[दृश्य : नाशिक, त्र्यंबक रोड. सकाळचे आठ. रुग्णालयात ड्युटी बदलतेय.]

नाईटच्या सिस्टर आता घरी जाऊन झोपतील, दुपारी उठतील. सकाळच्या सिस्टर पहाटे पाचलाच उठून, डबे भरून आल्या आहेत. दोघींचा ताण मोजायला सरसकट आठ वाजता रक्त घेतलं, तर ते आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. ताण मोजायला जे बघतात ते कॉर्टिसॉल हे संप्रेरक जाग आल्यावर ३० ते ४५ मिनिटांत चढतं आणि मग दिवसभर उतरत जातं. त्यात सुईच्या धास्तीनेही काहींचं वाढतं. म्हणून लाळ घ्यायची, तीही घरी.

[दृश्य : जवळून नळी, आत लाळ शोषणारा छोटा रोल.]

डोळे उघडताच पहिला नमुना, ३० मिनिटांनी दुसरा, ४५ मिनिटांनी तिसरा. चौथा झोपण्याआधी. पहिले तिन्ही होईपर्यंत चहा नाही, ब्रशही नाही; हिरडीतून रक्त आलं की आकडा फुगतो. रोल नळीतून थेट तोंडात घ्यायचा, बोटं लावायची नाहीत. हाताला स्टेरॉइडचं मलम लागलेलं असेल, तर चाचणी तेच मोजून बसते.

घोळ होतो तो पहिल्या नमुन्यात. गजर बंद करून पंधरा मिनिटं लोळलं, की कॉर्टिसॉल तोवर चढू लागलेलं असतं. पुढची वाढ मग कमी दिसते आणि धडधाकट बाई कागदावर थकलेली ठरते. नळीवर ठरलेली वेळ नको, प्रत्यक्ष घेतल्याची लिहा. उशीर झाला असेल तर उशिराचीच.

नळ्या उणे २० अंशांवर गोठवतात. वितळल्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून चिकट भाग खाली बसवतात, मग एलायझा, म्हणजे कॉर्टिसॉल मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी. एका व्यक्तीचे सगळे नमुने एकाच प्लेटवर लावावेत.

[दृश्य : प्रश्नावली भरणारा हात.]

सोबत १० प्रश्नांची ताणाची प्रश्नावली असते, गुण ० ते ४०. ती गेल्या महिन्याबद्दल विचारते, लाळ त्या दिवसापुरतं सांगते; दोन्ही जुळले नाहीत म्हणून सिस्टर खोटं बोलल्या असं होत नाही. महिन्यांचा हिशेब हवा तर केस घ्यावेत : डोक्याच्या मागून, मुळाशी कापलेले ३ सेंटीमीटर म्हणजे साधारण तीन महिने. डाय लावला असेल तर तशी नोंद करा.

२०२७ च्या सिंहस्थातला ताण मोजायचा असेल, तर त्याच माणसांचे नमुने गर्दीच्या आधीच घेऊन ठेवायला हवेत. नळीवर नाव नको, क्रमांक टाका. आणि कुणाचाही आकडा मेट्रनच्या टेबलावर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या. नाहीतर प्रश्नावलीत सगळ्यांचं सगळं छान चाललेलं असतं.