फोटोत बाळाच्या एका डोळ्यात पांढरी चमक दिसते का? मुलांचा कॅन्सर कसा ओळखायचा, बरा कसा होतो

नमस्कार. मोबाईल हातात आहेच, तर हा व्हिडिओ जरा थांबवा आणि बाळाचे फ्लॅश मारून काढलेले दोन-चार फोटो उघडा.

उघडलेत? आता डोळ्याची बाहुली बघा. लाल दिसतेय? फोटो बिघडला म्हणून आपण ज्यावर वैतागतो, तो लाल डोळा खरं तर चांगली खूण आहे. फ्लॅशचा प्रकाश बाहुलीतून आत जातो, मागच्या पडद्यापर्यंत पोचतो आणि तिथल्या रक्ताचा रंग घेऊन परत येतो. आता समजा, एका डोळ्यात लाल दिसतंय आणि दुसऱ्यात पांढुरकी चमक, अंधारात मांजराचे डोळे चमकतात तशी. एकाच फोटोत असेल तर लगेच घाबरू नका. मूल बाजूला बघत असेल तर प्रकाश डोळ्याच्या नसेच्या तोंडावरून परततो आणि निरोगी डोळाही पांढरा दिसतो. पण दोन-तीन फोटोंत, त्याच डोळ्यात, तीच चमक? मग याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतून तपासायला सांगा, आणि ते फोटो सोबत न्या.

कदाचित जन्मजात मोतीबिंदू निघेल. त्यावरही लवकर उपचार लागतातच. पण कदाचित रेटिनोब्लास्टोमा असेल, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. हा बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. लवकर सापडला तर जीव तर वाचतोच, बऱ्याचदा डोळाही वाचतो. त्याची दुसरी खूण म्हणजे नव्याने आलेला तिरळेपणा, ज्याला घरोघरी ‘मोठं झाल्यावर जाईल’ म्हणतात. आणि हो, आजकालचे फोन लाल डोळा आपणहून पुसून टाकतात. त्यामुळे फोटोत काही दिसलं नाही म्हणजे डोळा तपासून झाला असं नाही.

सुरुवात डोळ्यापासून केली, कारण इतकी उघड खूण दुसरा कुठलाच कॅन्सर देत नाही. बाकीचे सगळे साध्या दुखण्याचा वेश घेऊन येतात. ताप, पायदुखी, उलटी, पोट साफ नाही. जगभरात दरवर्षी 0 ते 19 वयाच्या सुमारे 4 लाख मुलांना कॅन्सर होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. श्रीमंत देशांत यातली 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, गरीब देशांपैकी अनेकांत 30 टक्केसुद्धा होत नाहीत. दोन्हीकडे आजार तेच. औषधं मिळत नाहीत हे एक कारण आहेच, पण रोग उशिरा ओळखणं आणि उपचार मध्येच सोडणं ही कारणंही तितकीच मोठी आहेत. आज या दोन गोष्टींबद्दलच बोलायचंय.

मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो रक्ताचा कॅन्सर, ल्युकेमिया. हाडांच्या आत बोन मॅरो असतो, तिथे रक्त तयार होतं. शेतात तण माजलं की पीक दबतं, तसं इथे होतं. अर्धवट वाढलेल्या निकामी पांढऱ्या पेशी मॅरोत माजतात आणि कामाच्या पेशींना जागाच उरत नाही. तांबड्या पेशी कमी झाल्या की मूल फिकट पडतं, खेळता खेळता बसून घेतं. प्लेटलेट कमी झाल्या की न पडता-आपटता निळे डाग उठतात, त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात, दात घासताना हिरडीतून रक्त येतं. लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की ताप, औषधाने उतरलेला आणि चार दिवसांनी परत आलेला. आणि मॅरो ठासून भरला की हाडं दुखतात.

हे हाडांचं दुखणं लहान मूल शब्दांत सांगत नाही. चार वर्षांचं, कालपर्यंत हात सोडून पळणारं पोर अचानक म्हणायला लागतं, ‘मला उचलून घे.’ जिन्यापाशी थांबतं. आपण म्हणतो, लाडावलंय. आठवडाभर हेच चाललं, त्यात चेहरा फिकट आणि ताप येऊन-जाऊन, तर तो लाड नाही.

मग वाढीच्या वयातल्या पायदुखीचं काय? ती दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होते, चेपलं की बरं वाटतं आणि सकाळी मूल उड्या मारत असतं. दुखणं एकाच जागी असेल, दिवसाही असेल, मूल लंगडत असेल, तर त्याला वाढीचं दुखणं म्हणू नका. विशेषतः दहा-बारा वर्षांपुढच्या मुलाच्या गुडघ्याजवळ दुखत असेल आणि सूज असेल तर एक्स-रे काढायलाच हवा. खेळताना लागलं होतं, हे कारण सगळ्यांना हाताशी सापडतं.

आता जे सांगतोय ते जरा लक्ष देऊन ऐका. अशा सांधेदुखीला किंवा रेंगाळलेल्या तापाला कुणी रक्त न तपासता स्टिरॉइड देत असेल, तर थांबवून विचारा, ‘आधी सीबीसी आणि स्मिअर करायचा का?’ स्टिरॉइड हे ल्युकेमियावरचंच एक औषध आहे. ते एकटंच दिलं तर काही दिवस मूल टुणटुणीत होतं, ताप जातो, पाय दुखायचे थांबतात, सगळे खूश. रोग मात्र दबून बसतो, नंतर तपासण्यांत नीट दिसत नाही, आणि उलटतो तेव्हा जास्त चिवट होऊन येऊ शकतो. सीबीसी म्हणजे रक्ताची साधी तपासणी. स्मिअर म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून माणसाने सूक्ष्मदर्शकातून बघणं. नुसत्या मशीनच्या आकड्यांवर थांबू नका.

बाकीचं भराभर सांगतो. आंघोळ घालताना पोटात एका बाजूला गोळा हाताला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि सोनोग्राफी होऊ द्या. मूत्रपिंडाची विल्म्स गाठ बऱ्याचदा अशीच घरच्यांच्या हाताला लागते. पण तो गोळा घरातल्या प्रत्येकाने दाबून बघायचा नाही, गाठ आत फुटू शकते. मानेतल्या गाठी सर्दी-खोकल्यात येतात आणि जातात. न दुखणारी, कडक, दोन सेंटिमीटरहून मोठी, वाढत जाणारी, किंवा गळपट्टीच्या हाडावरची गाठ मात्र दाखवायचीच. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतं, उलटी होते आणि मग मूल शाळेत जाण्याइतकं बरं होतं, असं आठवडाभर चाललं आणि जोडीला चाल अडखळू लागली, तर पित्ताच्या गोळ्या बास. मेंदूचा एमआरआय लागतो.

एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा दवाखान्यात जाताय? मग डॉक्टरला तेच सांगा: ‘ही तिसरी खेप आहे.’ तारखांसकट. डॉक्टरच्या डोक्यातला विचार या वाक्याने बदलतो.

आता उपचार. डिसेंबर 1947 मध्ये बॉस्टनमध्ये डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं. ते आलं होतं लेडर्ली या अमेरिकन औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून, जिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव. 1948 मध्ये फार्बर यांनी छापलं, 16 पैकी 10 मुलांत रोग मागे हटला. काही काळच, पण त्याआधी तेवढंही कधी घडलं नव्हतं. पुढे औषधं वाढत गेली. व्हिन्क्रिस्टिन तर सदाफुलीतून मिळतं. (म्हणून कुणी सदाफुलीची पानं वाटून पाजू नका. औषध त्यात नखाएवढंही नसतं, विष भरपूर असतं.) आज मुलांच्या सगळ्यात नेहमीच्या ल्युकेमियातून, ज्याला एएलएल म्हणतात, चांगल्या केंद्रांत दहापैकी नऊच्या आसपास मुलं बरी होतात.

पहिला टप्पा साधारण चार आठवड्यांचा: स्टिरॉइड, शिरेतून केमो, मेंदूत रोग लपू नये म्हणून पाठीच्या कण्यातून इंजेक्शन. महिन्याभरात मॅरोचा रिपोर्ट येतो, ‘रेमिशन’. आणि इथेच घात होतो. मूल हसतंय, दूर राहून खर्च होतोय, मग घरात ठरतं की बरा झाला, चला आता.

रोग सापडतो तेव्हा शरीरात सुमारे एक लाख कोटी ल्युकेमिया पेशी असतात. रेमिशन म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्या शंभरात पाचपेक्षा कमी दिसल्या. तरी आत हजार कोटी उरलेल्या असू शकतात. म्हणूनच पुढे दोन-अडीच वर्षं औषध चालतं. शेवटच्या लांब टप्प्यात मूल घरीच असतं, शाळेतही जातं. रोज एक गोळी, मर्कॅप्टोप्युरिन. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज दिली तर जिवावर बेतते, म्हणून तिचा वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. रोजची गोळी थोडी थोडी चुकली तरी रोग उलटण्याचा धोका वाढतो.

केमो चालू असताना ताप 38 सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. लढणाऱ्या पांढऱ्या पेशी (रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल) 500 च्या खाली गेलेल्या असतील तर जंतू काही तासांत रक्तात पसरतात. पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेत जायला हवं. दारातच सांगा, ‘केमो चालू आहे, ताप आहे.’ आणि गुदद्वारातून काही द्यायचं नाही, सपोझिटरी नाही, एनिमा नाही.

‘आमचं काय चुकलं?’ हा प्रश्न मला प्रत्येक आई-वडील विचारतात. काही चुकलं नाही. दहातल्या एखाद्याच मुलात जन्मतः आलेला जनुकदोष सापडतो, आणि तोही कुणी मुद्दाम दिलेला नसतो. खाण्यामुळे झालं नाही, हा आजार लागतही नाही. भावंडांना एका ताटात जेवू द्या, फक्त कुणाला सर्दी, ताप किंवा कांजिण्या असतील तर वेगळं ठेवा.

आणि मुलाला सांगा. सहा वर्षांच्या मुलालाही कळतं की घरात काहीतरी लपवलं जातंय. आजाराचं नाव सांगा, सुई टोचणार असेल तर टोचणार सांगा, ‘दुखणार नाही’ म्हणू नका. आणि ‘तू हट्ट केलास म्हणून हे झालं नाही’ हे त्याने विचारण्याआधीच सांगा. हेच त्याच्या मोठ्या बहिणीला वेगळं बसवून सांगा. गेल्या महिन्यात भांडणात तिने त्याला ढकललेलं असतं, तिला वाटतं त्यामुळेच झालं, आणि ती हे कुणाला बोलून दाखवत नाही.