पाक जमला की कँडी जमली

[दृश्य : जाड बुडाचं पातेलं. तळाशी साखर. वरून पाण्याची बारीक धार.]

दोन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी.

एवढ्यातून दाताखाली कटकन फुटणारी पारदर्शक गोळी करता येते. थोडं दूध-लोणी घातलं तर चावता चावता लांबत जाणारी टॉफी होते, नाहीतर जिभेवर ठेवताच विरणारी मऊ वडी. दिसायला, खायला या तिन्ही गोष्टी अगदी निराळ्या, पण पातेल्यात घडतं ते जवळपास सारखंच. फरक पडतो तो दोन बाबींनी : पाकात पाणी किती उरलं, आणि पाक गार होताना साखरेला पुन्हा खडे धरायला सवड मिळाली की नाही.

घरी कँडी करणाऱ्याच्या हातात या दोनच गोष्टी असतात. त्या कळल्या की पाककृतीचा कागद समोर नसला तरी अडत नाही.

[दृश्य : साखर विरघळताना. गढूळ पाणी हळूहळू नितळ होतं.]

खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते. तेच पाणी उकळत असेल, तर पावणेपाचशे ग्रॅमहून जास्त साखर सामावून घेतं. म्हणजे उकळून आटवलेला पाक गार व्हायला लागला, की त्यातली कितीतरी साखर जादा ठरते. तिला बाहेर पडायचं असतं, निमित्त मिळण्याचा अवकाश. भांड्याच्या कडेला चिकटलेला एक दाणा, नको तेव्हा फिरवलेला चमचा, पडलेला कचऱ्याचा कण, काहीही पुरतं. त्या निमित्ताभोवती साखरेचे रेणू भराभर रचले जातात आणि नितळ पाक बघता बघता रवाळ होतो.

कधी आपल्याला नेमकं हेच हवं असतं. घट्ट पाकात दोरा सोडून भांडं दिवसेंदिवस हलवलं नाही, तर दोऱ्यावर खडीसाखरेचे टपोरे खडे चढतात. घाई नसली की खडे मोठे होतात. बाकी बहुतेक कँडीत मात्र सगळा खटाटोप खडे रोखण्याचा, नाहीतर अगदी बारीक ठेवण्याचा असतो.

[दृश्य : उकळता पाक. पातेल्याच्या कडेला अडकवलेला थर्मामीटर.]

नुसतं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि कितीही आच दिली तरी तिथून वर जात नाही. पाक जातो. पाणी वाफ होऊन उडतं, साखर मागे राहते, आणि साखरेचं प्रमाण वाढेल तसा उत्कलनबिंदू चढत जातो. म्हणून थर्मामीटरवरचा आकडा खरं तर पाकात पाणी किती शिल्लक आहे ते सांगत असतो. ११५ अंशांच्या आसपास पाकात साधारण १५ टक्के पाणी असतं. १५० अंशांना जेमतेम एक टक्का.

सुरुवातीला पारा रेंगाळतो, कारण पुष्कळ पाणी उडायचं असतं. पुढे थोडंसं पाणी गेलं तरी तो झरझर चढतो. पाककृती बिघडतात त्या बहुतेक इथेच. आत्ता तर १०५ होता म्हणून पाठ फिरवावी, आणि येऊन बघावं तर कडा तांबूस. शेवटच्या टप्प्यात आच कमी करावी आणि पातेल्यापासून हलू नये.

थर्मामीटरही आधी उकळत्या पाण्यात धरून तपासावा. उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी. पाण्यातच तो ९७ दाखवत असेल, तर पाककृतीतल्या प्रत्येक आकड्यातून तीन वजा करायचे.

[दृश्य : वाटीत गार पाणी. चमच्यातून पाकाचा थेंब पडतो. दोन बोटं पाण्यात.]

थर्मामीटर नसेल तर गार पाण्याची वाटी पुरते. माझ्या मते असला तरी वाटी जवळ ठेवावी, कारण बोटांना कळतं ते काचेच्या नळीला कळत नाही. परीक्षा घेताना पातेलं आचेवरून खाली उतरवायचं, नाहीतर आपण पाण्यात बोटं बुडवेपर्यंत पाक पुढच्या टप्प्यावर गेलेला असतो.

पहिली येते तार. १०६ ते ११२ अंश. चिमटीत धरून बोटं विलग केली की धागा निघतो, पण पाण्यात गोळा होत नाही.

११२ ते ११६ ला थेंब पाण्याच्या तळाशी जातो आणि बोटांनी वळला तर त्याची मऊ गोळी होते. बाहेर काढून तळहातावर ठेवली, की आकार सोडून पसरते. हा गोळीबंद पाक. फजसारख्या मऊ वड्या याच्याच.

दोन-चार अंश पुढे, ११८ ते १२० ला, तीच गोळी तळहातावर उभी राहते आणि दाबली तर दबते. दूध-लोण्याचं मऊ कॅरमेल इथे उतरवायचं. १२१ ते १३० ला गोळी टणक होते, ताटलीवर टाकली की टक्क वाजते.

मग गोळीचे दिवस संपतात. १३२ ते १४३ ला पाकाची पाण्यात कडक तार होते, जराशी वाकते आणि मगच मोडते. १४६ ते १५४ ला थेंब पाण्याला लागताच तडतडतो आणि तार न वाकता काडकन तुटते. कडक गोळ्या, लॉलीपॉप, सगळं या टप्प्याचं. त्याच्यापुढे रंग चढायला लागतो.

[दृश्य : ओला ब्रश पातेल्याच्या आतल्या कडेवरून फिरतो.]

खडे रोखायचे उपाय साधे आहेत. साखर पूर्ण विरघळेपर्यंत हवं तितकं ढवळावं, पण उकळी फुटली की चमचा बाजूला. उकळी आल्या आल्या दोन-तीन मिनिटं झाकण ठेवलं, की वाफेचं पाणी कडेनं ओघळतं आणि चिकटलेले दाणे धुऊन नेतं. उरलेसुरले ओल्या ब्रशनं काढावेत.

दुसरा उपाय लिंबाच्या रसाचा. आंबटपणा आणि उष्णता मिळाली, की साखरेच्या काही रेणूंचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. रेणू सगळे एकसारखे असले तर विटांसारखे एकावर एक नीट बसतात, मध्येच वेगळ्या मापाचे आले की रचना अडते. बाजारात मिळणारं ग्लुकोज सिरप हेच काम करतं. रस मात्र थेंबांनी मोजावा. जास्त झाला तर गोळी धड कडक होत नाही, कायमची चिकट राहते. म्हणूनच आंबट गोळ्यांसाठीचं सायट्रिक अ‍ॅसिड सुरुवातीला घालत नाहीत, पाक उतरवल्यावर घालतात. अर्क आणि सुगंधही तेव्हाच, नाहीतर ते वाफेबरोबर निघून जातात.

[दृश्य : फजचा पाक, स्थिर, चकचकीत. मग लाकडी उलथनं फिरू लागतं.]

फजमध्ये खडे हवेत, पण जिभेला जाणवू नयेत इतके बारीक. ही सगळ्यात कसोटीची गोष्ट, आणि तिच्यात धीर धरणं आलं. गोळीबंद पाक उतरवून बाजूला ठेवायचा आणि ४५ ते ५० अंशांपर्यंत निवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हलवायचा नाही, चाटून बघायचा नाही. गरम असताना घोटला तर थोडेच खडे धरतात आणि मोठे वाढतात, खाताना वाळूसारखे लागतात. निवल्यावर घोटला तर एकदम असंख्य खडे धरतात आणि एकालाही वाढायला जागा राहत नाही.

घोटताना नजर पृष्ठभागावर असू द्या. सुरुवातीला पाक आरशासारखा चकाकतो, उलथनं उचललं की फीत पडते आणि मिसळून जाते. मग उलथनं जड होतं, रंग एक छटा फिका पडतो. फीत पडल्यावर तिची खूण राहायला लागते. आणि अचानक तकाकी जाते. ती गेली की लगेच ताटात ओतायचं. अर्धा मिनिट उशीर झाला तरी पातेल्यातच ढेकूळ होतं.

[दृश्य : लॉलीपॉपचा साचा. पलीकडे प्रकाश, गोळीतून आरपार.]

कडक गोळी याच्या अगदी उलट. तिच्यात खडेच नसतात. पाक इतका घट्ट असतो, की गार होताना रेणूंना हलून रांगेत बसायला वेळच मिळत नाही. जिथे आहेत तिथे ते अडकतात. शास्त्राच्या भाषेत ही काचच, म्हणून तिच्यातून आरपार दिसतं. म्हातारीचे केस म्हणजे हीच काच, तंतूंच्या रूपात. असे तंतू काढणारं यंत्र विल्यम मॉरिसन या दंतवैद्यानं जॉन व्हार्टन या मिठाईवाल्याबरोबर तयार केलं, १८९९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, आणि १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात ते लोकांपुढे आलं.

हाच पाक कोमट असताना ओढला, दुमडला, पुन्हा ओढला, तर त्यात हवेच्या बारीक नळ्या अडकतात आणि पारदर्शक गोळा रेशमासारखा पांढरा होतो. गरम पाकात खायचा सोडा टाकला तर कार्बन डायऑक्साइड सुटतो, पाक फसफसून पातेलंभर वर येतो, आणि तसाच थिजला की जाळीदार, कुरकुरीत कँडी होते.

आणखी एक गोष्ट जमल्यास जरूर करून बघा. काळोख्या खोलीत, डोळे अंधाराला सरावल्यावर, खडीसाखर पक्कडीनं फोडा. निळसर ठिणगी दिसते. खडा तुटताना विद्युतभार वेगळे होतात, त्यातून हा उजेड निघतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकननं त्याची नोंद करून ठेवली आहे.

[दृश्य : कॅरमेल. पिवळा, अंबर, मग तांबूस तपकिरी.]

साखर १६० अंशांच्या पुढे गेली की स्वतःच मोडायला लागते. तिच्यातून शेकडो नवी द्रव्यं तयार होतात, गोडी कमी होत जाते, खमंगपणा आणि कडवटपणा येतो. पण दुधाचं कॅरमेल १२० लाच उतरवलं तरी तपकिरी कसं होतं? तिथे दुधातली प्रथिनं आणि शर्करा यांची प्रक्रिया होते. १९१२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावानं ओळखली जाते. पावाच्या कवचाचा रंगही तिचाच.

[दृश्य : ओट्यावर पातेलं. मूठ आतल्या बाजूला वळवलेली. बाजूला गार पाण्याचं मोठं भांडं.]

इथे थोडं थांबून सांगायला हवं. १५० अंशांचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो त्वचेला चिकटतो आणि उष्णता सोडत राहतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पातेल्याची मूठ ओट्याच्या बाहेर नको. गरम पाक ओतायचं काम लहान मुलांना देऊ नका. साच्यांना तेल लावायला, कागद कापायला, गोळ्या गुंडाळायला ती हौसेनं येतात. भाजलंच तर तो भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरायचा. बर्फ लावायचा नाही. फोड मोठा असेल तर डॉक्टर.

[दृश्य : गोळ्या कागदात गुंडाळताना.]

झालेल्या कँडीचा शत्रू दमट हवा. साखरेची काच हवेतलं पाणी ओढून घेते, वरचा थर चिकट होतो, मग त्याच थरात खडे धरतात. गोळ्या सादळतात त्या अशा. पाऊस असेल त्या दिवशी कडक गोळ्यांचा बेत पुढे ढकलावा. करायच्याच असतील तर पाक दोन अंश पुढे न्यावा, आणि गोळ्या गार झाल्या झाल्या एकेक गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत, बाहेर काढल्या की त्यांना पाणी सुटतं.

आणि फज रवाळ झालं, कॅरमेलला खडे धरले, गोळी मऊ राहिली, तर टाकून देऊ नका. सगळं परत पातेल्यात घाला, अर्धी वाटी पाणी ओता, मंद आचेवर शेवटचा दाणा विरघळू द्या, आणि पहिल्या तारेपासून पुन्हा सुरू करा. जादा पाणी उडून जाईल. दूध घातलेलं असेल तर तेवढं तळाशी लक्ष ठेवा, ते लवकर लागतं. परत येत नाही ती फक्त करपलेली साखर. तिच्यात पाणी घालून पातेलं उकळत ठेवा, म्हणजे बूड घासावं लागणार नाही.