सेकंड लाइफमधलं वावर : धुरा कुठला, मालक कोण

(गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय जाहीर झाला तेव्हा काही जाणत्यांनी तोंड वाकडं केलं, ते मी पाहिलं. इथं खऱ्या वावराची मोजणी अडकून पडलीय आणि हा माणूस संगणकातली जमीन सांगणार! पण सातबारा वाचायची ज्यांना सवय आहे, त्यांनाच हा विषय चटकन उमगतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीनं २००३ मध्ये सेकंड लाइफ नावाचं जग लोकांसाठी खुलं केलं. आपलं एक रूप घेऊन तिथं हिंडायचं, घर बांधायचं, दुकान टाकायचं. त्यासाठी जागा लागते. तिथला मूळ गट म्हणजे रीजन : २५६ मीटर लांब, २५६ मीटर रुंद. एकूण ६५,५३६ चौरस मीटर, म्हणजे आपले सोळा एकर आणि वर काही गुंठे. त्याचे हिस्से पाडले की पार्सल. लहानात लहान पार्सल १६ चौरस मीटरचं. तुकडेबंदी कायदा तिथं नाही, आणि त्याचे भोग तिथल्यांनीही भोगले. चांगल्या जागेच्या मधोमध असा एक तुकडा घ्यायचा, त्यावर गरगर फिरणारी जाहिरातीची पाटी उभी करायची आणि शेजाऱ्याला सांगायचं, पाटी नको असेल तर तुकडा विकत घे, भाव मी म्हणेन तो. शेवटी २००८ मध्ये कंपनीला याविरुद्ध नियम करावा लागला.

आता खरी गोम. तिथं जमिनीला किंमत लांबी-रुंदीमुळे येत नाही. प्रत्येक रीजन एका सर्व्हरवर चालतं आणि तो सर्व्हर किती वस्तूंचा भार पेलेल, याला मर्यादा असते. या भाराला लँड इम्पॅक्ट म्हणतात. कंपनीच्या मेनलँडवर, म्हणजे कंपनी स्वतः थेट देते त्या मुख्य भूभागावर, पूर्ण रीजनला २२,५०० इतका भार मिळतो. म्हणजे १,०२४ चौरस मीटरच्या, साधारण दहा गुंठ्यांच्या तुकड्याला ३५१. भिंत, खुर्ची, झाड, सगळं त्यातच बसवायचं. एकाच रीजनमध्ये तुमची दोन पार्सलं असतील तर दोघांचा भार एकत्र धरतात. म्हणून हुशार माणूस कोपऱ्यातला उताराचा, कुणी न पुसणारा तुकडा स्वस्तात घेतो, तो मोकळा ठेवतो आणि त्याच्या वाट्याचा भार रस्त्याकडच्या दुकानावर खर्च करतो. आपण पोटखराब म्हणून हिणवतो, तसली जमीन तिथं कामाला येते. सुरुवातीला कंपनी वस्तूंवरच कर लावायची. मोठं बांधकाम करणाऱ्यांनी २००३ मध्येच बंड केलं, तेव्हा कर जमिनीवर आला. तो दरमहा भरावा लागतो. त्याचं नाव टिअर.

एका काकांनी मघाशी विचारलं, ‘मंग मालक कोन?’ काका, मुद्द्याचं विचारलंत.

मेनलँडवर तुम्ही थेट कंपनीचे खातेदार. रस्ते, नदी-समुद्राचे पट्टे कंपनीच्या ताब्यात, ते कुणी नांगरू शकत नाही. बहुतेक ठिकाणी जमीन चार मीटरपेक्षा जास्त उंच-खोल करता येत नाही. दुसरा प्रकार खासगी इस्टेटीचा. एखादा माणूस अख्खं रीजन घेतो आणि त्याचे तुकडे पुढे ‘विकतो’. अॅन्शे चुंग या नावानं वावरणाऱ्या बाईनं याच धंद्यात नाव काढलं आणि २००६ मध्ये ‘बिझनेसवीक’च्या मुखपृष्ठावर झळकली. धंदा चोख आहे, पण विकणं हा शब्द फसवा. तुमचा व्यवहार इस्टेटवाल्याशी, कंपनीशी नाही. त्यानं टिअर थकवला तर रीजनच बंद होतं आणि तुमचं घर त्याच्यासोबत जातं. सरळ मक्त्याची जमीन म्हणा.

मेनलँडचा तरी भरवसा किती? मार्क ब्रॅग नावाच्या अमेरिकन वकिलानं लिलावातली पळवाट शोधून जमीन स्वस्तात घेतली. कंपनीनं खातं गोठवलं, जमीन काढून घेतली. तो कोर्टात गेला. वाद लवादाकडेच न्यायचा ही करारातली अट एकतर्फी आहे, असं कोर्टानं २००७ मध्ये म्हटलं. पुढे दोघांत तडजोड झाली आणि मालकी कुणाची, याचा निकाल लागायचा राहिला. माझं मत विचाराल तर ही भोगवटादार वर्ग २ पेक्षाही कच्ची जमीन. वर्ग २ वाल्याला निदान जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज तरी करता येतो. आणि गंमत बघा, २०२० च्या अखेरीस कंपनीनं हे सगळं जग अॅमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवलं. मालगुजारच आता भाडेकरू!

शेजाऱ्याशी भांडण तिथंही आहेच. पार्सलवर प्रवेशबंदी लावली की परक्याला धुऱ्यावर हवेत रेघा दिसतात आणि तो तिथंच अडतो. वाट सोडा म्हणून दाद मागायला तहसीलदार नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या पोरानं तिथं जागा घ्यायची म्हटलं, तर ‘अबाउट लँड’ ही खिडकी उघडायला सांगा. पहिल्या पानावर मालकाचं नाव आणि क्षेत्रफळ असतं. तिथं थांबू नका, कारण इस्टेटीतही त्या जागी घेणाऱ्याचंच नाव दिसतं. ‘कव्हेनंट’ या पानावर जा. इस्टेटीचा मालक म्हणून गव्हर्नर लिंडन हे नाव असेल तर जमीन कंपनीची. दुसऱ्या कुणाचं असेल तर खाली त्यानं घातलेल्या अटी वाचा, भाडं कधी भरायचं आणि चुकलं तर किती दिवसांत हाकलणार ते बघा, आणि मगच पैसे द्या.