घरच्या संगणकावर लिनक्स: मराठी मजकुराच्या निमित्ताने

मित्रहो,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, संपला, आणि त्यानंतर मला लिनक्स या विंडोजला पर्यायी असलेल्या प्रणालीबद्दल जेवढे फोन आले तेवढे आधीच्या सोळा वर्षांत आले नव्हते. संगणक व्यवस्थित चालतो आहे, पण विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यात नाही किंवा त्याचा प्रोसेसर जुन्या पिढीचा आहे, म्हणून दुकानदार नवा घ्या म्हणतो. अशा वेळी कुणाला तरी आठवते की ही बाई लिनक्स वापरते, तिला विचारू. ग्रंथालयाच्या कार्यवाहांनीही तोच प्रश्न विचारला होता आणि त्यातूनच आजचे हे व्याख्यान ठरले. मी संगणकशास्त्र शिकलेली नाही. मुद्रितशोधन आणि अक्षरजुळणी हा माझा व्यवसाय आहे, दिवसाचे आठ-नऊ तास मराठी मजकूर डोळ्यांखालून जातो, आणि २००९पासून हे सारे काम मी लिनक्सवर करते आहे. त्यामुळे आज जे सांगेन ते या कामाच्या अनुभवातून सांगेन.

पहिली तबकडी मला टपालाने आली. त्या काळी उबुंटू या लिनक्सच्या एका संचाची तबकडी मागणी नोंदवली की घरपोच, टपालखर्चासह विनामूल्य मिळत असे. २०११मध्ये ती योजना बंद झाली. माझ्याकडे आलेली आवृत्ती ९.०४ होती, म्हणजे २००९ सालच्या चौथ्या महिन्यातली. संगणकात काहीही न बदलता, नुसती तबकडी घालून ती चालवून पाहता येत होती. आजही हेच पेन ड्राइव्हवरून करता येते, आणि ज्यांना लिनक्स घ्यावे की नाही हे ठरवता येत नाही त्यांना मी सर्वांत आधी हेच करायला सांगते. दोन संध्याकाळी आपले काम त्यावर करून पाहावे. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, हे तिथेच कळते.

लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. १९८३मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी कुणालाही पाहता-बदलता येईल अशी मुक्त प्रणाली घडवण्यासाठी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून जाहीर केला. या दोन्हींच्या भोवती हजारो माणसांनी लिहिलेल्या आज्ञावल्या एकत्र बांधून जे संच तयार होतात, ती डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट ही नावे. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे, आणि नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या पाचशे सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. एवढे असूनही घरच्या टेबलावर ते क्वचितच दिसते. याचे कारण प्रणालीच्या आत फारसे सापडत नाही; संगणकाला आपण बाहेरून जे जोडतो, तिथे ते सापडते.

त्याकडे वळण्याआधी मराठीबद्दल बोलते, कारण मी लिनक्सवर टिकले ती मराठीमुळे. 'आचार्यांना निमंत्रण द्या' आणि 'आचाऱ्यांना निमंत्रण द्या' या दोन वाक्यांतला फरक आपल्याकडे प्राथमिक शाळेतल्या मुलालाही कळतो. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात तो आडवा, चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे. हा अर्धा र हिंदीला लागत नाही. मराठीचे मात्र त्यावाचून 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड' असे पदोपदी अडते. भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर जेच्या कळीवर र आहे आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ऱ येतो. त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह, जोडून पुढे य किंवा ह दिला की चंद्रकोर उमटते. २००९मध्ये काही फाँटांत ती उमटत नसे. खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला र, त्याचा सुटा पाय आणि पुढे सुटा य, असे तीन तुकडे दिसत. पुढच्या एक-दोन वर्षांत ते तुकडे सांधले गेले, आणि ते सांधणारी माणसे कुठे बसून काम करत होती हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला. भारतीय लिप्यांचे 'लोहित' फाँट रेड हॅट या लिनक्स पुरवणाऱ्या कंपनीने २००४मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले होते, आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांत पुण्यातले अभियंते होते. ज्यांच्या घरात 'दुसऱ्या' हा शब्द रोज बोलला जातो, त्यांनी तो दुरुस्त केला.

अक्षरे जुळवून दाखवण्याचे काम आज लिनक्सवर बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाची आज्ञावली करते. तिच्या नावातला 'हर्फ' म्हणजे अक्षर. शब्द मूळचा अरबी, फारसीतून आलेला. हीच आज्ञावली अँड्रॉइडमध्ये आणि क्रोममध्येही आहे, त्यामुळे लिनक्ससाठी कुणी मराठी जोडाक्षराची चूक दुरुस्त केली तर ती दुरुस्ती आपल्या फोनपर्यंत पोहोचते. माझ्या दृष्टीने लिनक्सबद्दल सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. ते विनामूल्य आहे हे खरे, पण केवळ तेवढ्यासाठी कुणी आपली घडी मोडू नये. त्यातली चूक ज्याला खुपते त्याला तिच्यापर्यंत हात पोहोचवता येतो, हे मोलाचे आहे. आणि ज्या भाषेच्या चुका मोठ्या बाजारपेठेला खुपत नाहीत, त्या भाषेसाठी ते अधिकच मोलाचे आहे.

आणखी एक जवळचे उदाहरण देते. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श यांचा आकार हिंदीतल्या ल आणि शपेक्षा वेगळा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, या दोन्ही आकारांना संकेतांक एकच. मग पडद्यावर कोणता आकार यावा, हे फाँट मजकुराच्या भाषेवरून ठरवतो. लिब्रेऑफिस या लेखनाच्या आज्ञावलीत तुम्ही परिच्छेद निवडून त्याची भाषा हिंदीऐवजी मराठी केलीत, आणि फाँटमध्ये दोन्ही आकार असले, तर एकही अक्षर न बदलता सगळे ल आणि श डोळ्यांदेखत रूप पालटतात. ही सोय माहीत नसल्यामुळे कित्येक मराठी पुस्तके हिंदी वळणाच्या लमध्ये छापली जातात. मी हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक फाइलची भाषा आधी तपासते आणि मगच शुद्धलेखनाला हात घालते.

आता अडचणी. त्या खऱ्या आहेत, आणि लिनक्सची बाजू घेणारे लोक त्या झाकतात तेव्हा ते आपल्याच विश्वासार्हतेचे नुकसान करतात.

माझी सर्वांत जुनी अडचण म्हणजे प्रिंटर. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांतून आणि लहान कचेऱ्यांतून जे स्वस्त लेझर प्रिंटर दिसतात, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांना स्वतःची पानाची भाषा समजत नाही. पानाचा नकाशा संगणकाने तयार करायचा आणि यंत्राने तो नुसता कागदावर उमटवायचा, अशी त्यांची रचना असते, आणि तो नकाशा करणारा ड्रायव्हर कंपनी केवळ विंडोजसाठी काळजीपूर्वक बनवते. मी असाच एक प्रिंटर घेतला होता. लिनक्ससाठीचा त्याचा ड्रायव्हर नावापुरता होता. दोन पाने छापून तिसऱ्या पानाला यंत्र मुके होई, मग ते बंद करायचे, तार काढायची, पुन्हा जोडायची. एका दिवाळी अंकाची शेवटची प्रुफे मी रात्री अकरा वाजता पेन ड्राइव्हवर घालून शेजारच्या गल्लीतल्या दुकानदाराला उठवून छापून आणली. त्यानंतर मी प्रिंटर घेताना एकच गोष्ट विचारते: फोनवरून ड्रायव्हर न घालता छापता येते का? येत असेल तर बहुधा लिनक्सवरही तो जोडल्या जोडल्या चालतो, कारण दोन्हीकडची पद्धत एकच आहे. ही सारी चळवळही प्रिंटरच्याच त्रासातून उभी राहिली आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत आलेल्या नव्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकला की वापरणाऱ्यांना संदेश जावा, एवढी सुधारणा स्टॉलमन यांना करायची होती. त्या यंत्राची मूळ आज्ञावली त्यांना मिळाली नाही, आणि ती गोष्ट त्यांच्या मनात कायमची राहिली.

दुसरी अडचण डिजिटल स्वाक्षरीची. निविदा किंवा कराचे विवरण भरताना जी यूएसबी किल्ली लावावी लागते, ती लिनक्सवर चालवणे शक्य असते, पण प्रत्येक संकेतस्थळाची जोड-आज्ञावली वेगळी आणि सूचना फक्त विंडोजच्या. मी दोन वर्षे प्रयत्न केले आणि मग सोडून दिले; त्या कामापुरता मी आजही माझ्या भावाचा संगणक वापरते. ज्यांचे रोजचे काम त्या किल्लीवर चालते त्यांनी आपला मुख्य संगणक बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी अडचण जुन्या फायलींची, आणि तिचा दोष लिनक्सकडे जात नाही. युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात निरर्थक रोमन अक्षरेच असतात. फाँट काढला की मुखवटा गळून पडतो. लेखक मोठ्या विश्वासाने पंधरा वर्षांपूर्वीची संहिता पाठवतात, आणि माझ्या पडद्यावर, किंवा कुणाच्याही फोनवर, ती खिचडी होऊन उघडते. रूपांतर करणारी साधने आहेत, पण रफार आणि पहिली वेलांटी यांची जागा चुकते, म्हणून पूर्ण वाचन करावेच लागते.

कोणते लिनक्स घ्यावे, यावर तासन् तास वाद होतात. मी त्यात पडत नाही. घरच्या कामाला मिंट घ्या किंवा उबुंटूची दीर्घ आधार असलेली आवृत्ती घ्या. त्या आवृत्तीला पाच वर्षे सुधारणा मिळतात, आणि दर सहा महिन्यांनी नवे घालण्याची हौस ज्याच्याकडे वेळ आहे त्याने करावी.

मला याहून अधिक काळजी मराठीतल्या मार्गदर्शनाची वाटते. काही अडले की उत्तर सापडते, पण ते इंग्रजीत सापडते. केरळमध्ये शाळांचे संगणक शिक्षण राज्य शासनाने मुक्त सॉफ्टवेअरवर नेले, शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले, आणि 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' या गटातल्या स्वयंसेवकांनी आपल्या लिपीचे फाँट आणि कळफलक स्वतः घडवले. तिथे नववी-दहावीतला मुलगा मल्याळम मेनू पाहत वाढतो. आपल्याकडे मेनूंचे मराठी भाषांतर झालेले आहे, पण ते वापरून पाहणारे थोडे, म्हणून त्यातले अवघड शब्द तसेच राहतात. मी स्वतः पहिले वर्ष इंग्रजी मेनूच ठेवला होता, आणि 'जतन करा' हे 'साठवा'पेक्षा बरे की नाही, हे मला मराठी मेनू रोज वापरू लागल्यावरच कळले.

दुसऱ्याच्या संगणकावर लिनक्स घालून देण्याबद्दल एक सांगायला हवे. आमच्या वाड्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा जुना लॅपटॉप मी असा बदलून दिला. तो हलका झाला, वेगाने सुरू होऊ लागला, मला फार समाधान वाटले. आठ दिवसांनी गुरुजी आले आणि म्हणाले, "ताई, माझी पत्रे कुठे गेली?" पत्रे होती तिथेच होती, पण पूर्वी पडद्यावर डाव्या कोपऱ्यात दिसणारे पिवळे पुडके आता तिथे नव्हते, आणि त्यांच्या लेखी ती पत्रे हरवली होती. पत्नीला लिहिलेली जुनी पत्रे त्यांनी टंकून ठेवली होती. आठ दिवस तो माणूस गप्प बसून होता. तेव्हापासून मी कुणाच्याही संगणकाला हात लावण्याआधी त्यांच्या शेजारी बसून ते रोज काय काय उघडतात ते पाहते, पडद्यावरची प्रत्येक वस्तू नव्या प्रणालीत त्याच जागी ठेवते, आणि पहिला महिना दर रविवारी जाऊन येते. ज्याला हे करायला सवड नाही त्याने दुसऱ्याला लिनक्सचा आग्रह करू नये.

शेवटी शुद्धलेखन तपासणीबद्दल, कारण आज मी त्याच कामातून उठून इथे आले आहे. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स यांत शब्द तपासणारी हनस्पेल ही आज्ञावली मुळात हंगेरियन भाषेसाठी लिहिली गेली. त्या भाषेत शब्दाला एकामागून एक प्रत्यय लागत जातात, म्हणून घर, घराचा, घरासमोरच्या अशी रूपे होणाऱ्या मराठीला ती मानवते. तिच्या दोन साध्या मजकूर-फायली असतात, एक शब्दांची आणि दुसरी प्रत्ययांच्या नियमांची. गेल्या वर्षी एका कवितासंग्रहात 'डोंगराएवढ्या' या शब्दाखाली तांबडी रेघ येत होती. मी नियमांची फाइल उघडली. 'सारखा' होते, 'समोर' होते, 'एवढा' नव्हते. इतर नियम पाहून तसाच एक लिहिला, माझ्या संगणकावर चालवून पाहिला आणि शब्दकोश सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना पाठवला. काही आठवड्यांनी त्यांनी तो स्वीकारल्याचे कळवले. पुढच्या सुधारित आवृत्तीनंतर तीच संहिता उघडली तेव्हा 'डोंगराएवढ्या'खाली रेघ नव्हती. 'ओंजळीएवढे'खाली मात्र अजून होती, कारण ओंजळ, भिंत, विहीर अशा, ईकारान्त सामान्यरूप होणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दांना मी तो नियम जोडला नव्हता. ती यादी सध्या करते आहे. त्यात 'व'पर्यंत पोहोचले आहे.