लॉय, समुद्रशेवाळ आणि चार फुटांचा वाफा

कॉनेमारा, आयर्लंडचा पश्चिम किनारा. मार्च महिना. मातीचा थर वीतभर, खाली खडक आणि वरून सततचा पाऊस. इथं बटाटा लावायला नांगर चालत नाही. चालते ती लॉय, म्हणजे पायानं रोवायची कुदळ.

ॲशच्या लाकडाचा लांब दांडा, अरुंद लोखंडी पातं आणि पाय ठेवायला एकाच बाजूला जागा. पायानं पातं रोवायचं, दांडा मागं दाबायचा. हिरवळ मुळांसकट सुटते.

पण त्याआधी दोरी लावून वाफा आखतात. रुंदी तीन-चार फूट, शेजारी दोन फुटांचा चर. वाफ्यातलं गवत खणत नाहीत. त्याच्यावरच समुद्रशेवाळ पसरतात. हिवाळी वादळांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं, फुकटचं. पालाश (पोटॅश) भरपूर आणि तणाचं बी नाही. शेणखताबद्दल असं म्हणता येत नाही!

आता बटाट्याचं बेणं. प्रत्येक फोडीला निदान एक ठसठशीत डोळा हवा. काप सुकला की मगच लावायचं, ओला काप कुजतो. दोन फोडींत फूटभर अंतर.

पुढची कृती नीट पाहा. चराकडची हिरवळ तीन बाजूंनी कापली, चौथी बाजू बिजागरीसारखी वाफ्याला जोडलेलीच ठेवली आणि गवत खाली करून ती बेण्यावर पालथी घातली. ही बाजू तुटली, तर पावसात काठ ढासळतो. मधली फट चरातल्या मातीनं बुजवायची. चर मात्र उताराच्या दिशेनंच. आडवा काढला की पाणी तुंबतं आणि बटाटा जमिनीतच सडतो. एवढ्या ओल्या रानात निचऱ्याची याहून स्वस्त सोय नाही.

कोंब वर आले की चरातली माती पुन्हा भर म्हणून चढवतात, पुढं आणखी एकदा. उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो, खाण्यालायक राहत नाही.

जूनपासून दमट, उबदार हवा म्हणजे करपा. पानावर काळपट डाग, खालून पांढरी बुरशी. म्हणून मोरचुदाची निळी फवारणी. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराच्या ओळखीची. तिथं मोरचुदाबरोबर चुना, इथं पूर्वी पुष्कळदा धुण्याचा सोडा. 1845 ला करपा आला तेव्हा हे औषध नव्हतं. पीक बुडून पडलेल्या त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. मोरचूद-चुन्याच्या या बोर्डो मिश्रणाचा उपयोग जगाला कळला 1885 मध्ये.

काढणी शरद ऋतूत, कोरड्या दिवशी. लॉयचा घाव लागलेले बटाटे वेगळे काढून आधी खायचे. बाकीच्यांचा ढीग घालून त्यावर पेंढा किंवा लव्हाळी आणि वरून मातीचा लेप. एक सडका आत राहिला, तर शेजारचे घेऊन जातो.