उसाच्या रसातील तीन ठिपके

केशनळीच्या टोकाने कागदावर टेकवलेला हा थेंब उसाच्या ताज्या रसाचा आहे. कागदातून द्रावक, म्हणजे विरघळवणारा द्रव, वर चढवून या रसातील शर्करा एकमेकींपासून वेगळ्या करायच्या आहेत. ठिपका पसरू नये म्हणून रस जरासा टेकवायचा, गरम हवेने वाळवायचा आणि त्याच जागी पुन्हा टेकवायचा, असे चार-पाच वेळा करावे लागते. आधाररेषा शिसपेन्सिलीनेच आखली आहे, कारण शाईची रेघ द्रावकाबरोबर वर चढली असती. शेजारी सुक्रोज, ग्लुकोज व फ्रुक्टोज यांच्या शुद्ध द्रावणांचे ठिपके आहेत आणि सर्वांत उजवीकडे, तोडणीनंतर काही दिवस पडून राहिलेल्या उसाच्या रसाचा.

ब्यूटॅनॉल, ॲसेटिक आम्ल आणि पाणी 4:1:5 या प्रमाणात घुसळल्यावर वर आलेला थर काचेच्या बरणीत घेतला आहे. कागदाची कडा त्यात बुडते. ठिपके मात्र पातळीच्या वर राहिले पाहिजेत, नाहीतर रस बरणीतच विरघळून जाईल. कागद कोरडा भासला तरी त्याच्या तंतूंनी पाणी धरून ठेवलेले असते. द्रावक त्यांच्यामधून चढताना प्रत्येक शर्करा या पाण्यात आणि द्रावकात विभागली जाते, आणि जिला पाण्याची ओढ अधिक ती मागे रेंगाळते. विभाजनाच्या याच तत्त्वावरील क्रोमॅटोग्राफीसाठी, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या पद्धतीसाठी, आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांना 1952 चे नोबेल पारितोषिक मिळाले; शर्करांसाठी कागदाची ही रीत पार्ट्रिज यांनी 1946 मध्ये मांडली होती. आज यंत्र हेच काम काही मिनिटांत करून आकडा हाती देते, मात्र शर्करा एकमेकींपासून दूर होताना त्यात दिसत नाहीत.

रात्रभरात द्रावक 25 सेंटिमीटर चढला, तरी कागद कोराच आहे, कारण शर्करांना स्वतःचा रंग नसतो. त्यावर ॲनिलीन आणि डायफेनिलअमाइन यांचे आम्लयुक्त द्रावण फवारून कागद ओव्हनमध्ये ठेवला, आणि आता ठिपके उमटू लागले आहेत. सर्वांत पुढे फ्रुक्टोज, मग ग्लुकोज, त्याखाली सुक्रोज. पट्टीवर ग्लुकोजचे अंतर साडेचार सेंटिमीटर भरते. त्याला 25 ने भागले की 0.18 हा गुणांक मिळतो, म्हणजे द्रावकाच्या तुलनेत ग्लुकोज किती चढले ते कळते.

उजवीकडच्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचे ठिपके ठळक झाले आहेत, कारण तोडलेल्या उसात विकरांमुळे सुक्रोज फुटून हीच दोन शर्करा तयार होतात. कारखान्यात साखर उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, घटतो तो यामुळेही.

रंग फिका पडण्याआधी विद्यार्थिनी प्रत्येक ठिपक्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून घेत आहे.